दुधाच्या पिशवीवरची वेळ

मंगळवारी दुपारी सव्वा वाजता मीनल दुधाच्या पिशवीवर मार्करने वेळ लिहीत होती, तेवढ्यात शेजारच्या केमिस्टमधून वीरचा फोन आला.

"ताई, बिझी आहेस का? एक क्विक क्वेरी होता."

"बोल रे."

"मिसेस प्रिचर्डचा मॉर्फिन. नेहमी दहा मिलिग्रॅमचा गोळी असतो, सकाळ-संध्याकाळ. आज तू शंभर पाठवलास. शंभर, सकाळ-संध्याकाळ. मी म्हटला, देण्याआधी विचारू."

वीर इथे इंग्लंडात, मेडनहेडमध्येच जन्मला, तिथेच वाढला. त्याचं मराठी शनिवारच्या मराठी शाळेतलं. एरवी त्याचं बोलणं ऐकून मीनलला हसू फुटायचं. आज मार्कर नुसता हातात राहिला.

"वीर, मिसेस प्रिचर्ड माझी पेशंटच नाहीये. डॉक्टर मोघेकाकांची आहे. मी काही पाठवलेलं नाही."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. "नाही ताई. नाव तुझा, सही तुझी. एक वाजून सात मिनिट."

मीनलने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. तिचंच अक्षर: मंगळवार, १२:५० ते १:१२, ११० मिली.

एक वाजून सात मिनिटांनी ती इथे होती, या खोलीत. खोली तरी कसली! लसींचा जुना फ्रिज, कपाटात न मावलेल्या फायली आणि एक खुर्ची. दार आतून बंद, पंप घुर्र घुर्र करतोय आणि मांडीवर फोन, फोनवर सान्वीचा हसरा फोटो. पोरीचा चेहरा समोर असला की दूध लवकर उतरतं.

"देऊ नकोस," ती कशीबशी म्हणाली. "मी फाइल बघून दहाचं पाठवते."

"होल्ड केलाच आहे. पण ताई, हा नियर मिस आहे, थोडक्यात वाचला. मला रिपोर्ट लिहायला लागतो. शुक्रवारी जाईल. तोपर्यंत तू बघ ना, काय झाला ते." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "कोणी तुझा कार्ड वापरतोय का?"

मीनलच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मॉर्फिन म्हणजे काही खोकल्याचं औषध नव्हे. ते कॉम्प्युटरवरून केमिस्टकडे धाडायचं तर आधी डॉक्टरने आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं असतं. फोटोचं कार्ड मशीनच्या खाचेत घालायचं, पिन दाबायचा, झाली सही. कार्ड आणि पिन मिळून माणूस. मग ती बोटं कुणाची होती, हे कोणी विचारत नाही. कायद्याच्या लेखी एक वाजून सात मिनिटांनी डॉक्टर मीनलनेच एक्क्याऐंशी वर्षांच्या, हाडांच्या कॅन्सरने वाळून काटकी झालेल्या बाईला दहापट मॉर्फिन लिहून दिलं होतं. वीर झोपेत असता तर ती बाई दोन दिवसांत गेली असती आणि मीनलचं रजिस्ट्रेशन तिच्या मागोमाग.

आणि सांगणार तरी काय? मी तेव्हा दूध काढत होते. बरं, मग कार्ड कुठे होतं? खाचेत. हाच तर मुळात गुन्हा. खुर्ची सोडली की कार्ड काढून गळ्यात अडकवायचं, असा नियम. प्रत्येक खोलीत तशी लॅमिनेट केलेली पाटीही होती, सुमेधाकाकूंनी स्वतः लावलेली. पण कार्ड काढलं की सगळ्या खिडक्या मिटतात, परत उघडायला सहा-सात मिनिटं जातात आणि पेशंटला मिळतात दहा. म्हणून सगळेच कार्ड तसंच ठेवून उठायचे. पाटीखालीच.

सुमेधाकाकू म्हणजे इथल्या प्रॅक्टिस मॅनेजर आणि डॉक्टर चंद्रशेखर मोघ्यांच्या पत्नी. दोघांनी मिळून हा दवाखाना एकोणीस वर्षं चालवला. इकडे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, मीनलची आई अजूनही नाशिकहून विचारते, "रोज उठून सर्जरी? तुला कंटाळा कसा येत नाही गं कापाकापीचा?" गावातल्या मराठी मंडळींचे हे दोघं काका-काकू. दवाखान्यात मीनल त्यांना सर आणि मॅडम म्हणायला गेली, तर काकूंनीच झापलं होतं, "मॅडम म्हणालीस तर तुझ्या डब्यातलं थालीपीठ खाणार नाही हां मी."

मीनलचं कार्ड काढलं तेव्हाची ओळखपडताळणीही काकूंनीच केली होती. पासपोर्ट, कौन्सिल टॅक्सचं बिल, कॅमेऱ्यासमोर चेहरा. "सरळ बघ. चष्मा काढ. आता म्हणे मी तुला ओळखायचं! तुझ्या डोहाळजेवणाला ओटी भरलीय मी तुझी." आणि फॉर्मवर खूण केली होती: अर्जदाराला प्रत्यक्ष पाहून खात्री केली.

सान्वी सात महिन्यांची झाली आणि मीनल कामावर परतली, त्याला आता सहा आठवडे होत होते.

वीरचा फोन ठेवल्यावर तिने आधी मिसेस प्रिचर्डला दहाचं प्रिस्क्रिप्शन पाठवलं आणि मग दार लावून आपल्या नावावर गेलेल्या अशा औषधांची यादी काढली. तिने स्वतः लिहिलेली पंधरा-सोळा होती, ती तिला पेशंटच्या चेहऱ्यासकट आठवत होती. पण मधूनच सात अशी होती की ज्यांचे चेहरेच तिच्याकडे नव्हते. मॉर्फिनच्या गोळ्या, दुखण्यावरच्या पट्ट्या. सगळी सोमवार, मंगळवार किंवा गुरुवारची, म्हणजे तिच्या कामाच्या दिवशीची. सगळी दुपारी साडेबारा ते सव्वाच्या मधली.

आणि सातही पेशंट काकांचे.

मीनल खुर्चीत मागे टेकली. नको तो विचार मनात आला आणि एकदा आला तो आलाच. काकांच्या पाठीचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. पाठ दुखायची, लपवायचे. औषधाच्या सगळ्यात जवळ राहणारा माणूस औषधात सगळ्यात आधी बुडतो, असं ट्रेनिंगमध्ये एक प्रोफेसर सांगायचे. पेशंटच्या नावावर मागवायचं आणि मधल्यामध्ये... पण औषध तर पेशंटच नेतात, वीर आयडी बघितल्याशिवाय हात लावू देत नाही. की वीरच? "कोणी तुझा कार्ड वापरतोय का," असं इतक्या पटकन कसं सुचलं त्याला?

साडेतीनला चहाला सगळे छोट्या किचनमध्ये जमले. मीनल काकांच्या डोळ्यांत बघत राहिली. असं औषध घेणाऱ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. काकांच्या चांगल्या मोठ्या होत्या, पण खिडकीकडे पाठ होती, काय सांगावं!

"सान्वीला दात आले का गं?" काकांनी विचारलं.

"खालचे दोन आलेत, काका."

"वा! आता चावेल हो तुला." ते हसले. कपात साखर घातली, ढवळली. रिसेप्शनवरच्या जेमाला म्हणाले, "लॉरा, दूध संपलंय बघ." जेमाने दुसरी बाटली काढून दिली. लॉरा नोकरी सोडून चार वर्षं झाली होती. काकांनी चहाचा घोट घेतला आणि मीनलकडे वळले.

"मग? सान्वीला दात आले की नाही?"

नजर कुठेतरी लांब. गुंगीत असल्यासारखी.

"अहो, तुमचा दोनचा पेशंट अजून बसलाय," काकू दारातून म्हणाल्या आणि काकांच्या दंडाला धरून त्यांना घेऊन गेल्या. जाताना मीनलच्या पाठीवरून हात फिरवला. "दमलेली दिसतेस गं. बाळंतिणीने एवढं करू नये. उद्या सुट्टी ना? झोप जरा."

सहाच्या सुमाराला परीक्षित घरी आला. मीनलचा नवरा बेसिंगस्टोकला एका कंपनीत लोकांचे पासवर्ड चोरीला जाऊ नयेत हे बघायचं काम करतो, म्हणून तिने सगळं त्याच्यापुढे ओतलं. सान्वी उंच खुर्चीत बसून गाजराचा लगदा कानात घालत होती.

"पिन कोणाला माहितेय?" त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"कोणालाच नाही."

"सान्वीची जन्मतारीख ठेवलीस ना? खरं सांग. सगळ्या आया तेच करतात."

"एवढी बावळट वाटले का तुला? तारीख नाही, वेळ. चार अठ्ठेचाळीस. सोळाशे अठ्ठेचाळीस."

परीक्षितने गाजराचा चमचा खाली ठेवला. "वेळ? हे भारी आहे."

"इकडे बर्थ सर्टिफिकेटवर वेळ नसतेच. जुळी असतील तरच लिहितात. म्हणून तर."

"म्हणजे तुला माहीत, मला माहीत आणि त्या मिडवाइफला."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "ए, माझ्याकडे अशी बघू नकोस हं," तो म्हणाला. मग जपून: "मीनू, रागावू नकोस. पण... तूच तर नाही ना पाठवलंस? म्हणजे झोप नाही, काही नाही. परवा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होतीस."

ती रागावली नाही. रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तीच भीती दुपारपासून तिच्या मनात होती. इतरांवरचा संशय काय, उलटून पडला तर पडला. पण स्वतःवरचा संशय घेऊन माणसाने बसायचं कुठे?

बुधवारी सकाळी सान्वी झोपली. ही पाऊण तासाची झोप म्हणजे मीनलचा रोजचा चोरलेला वेळ. एरवी ती त्यात अंघोळ करायची किंवा नुसती भिंतीकडे बघत बसायची. आज तिने फ्रीझर उघडला.

दुधाच्या पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या, चपट्या, पिवळट, पाटीसारख्या कडक. नर्सरीला देऊन उरलेल्या. प्रत्येकीवर वार, तारीख, पासून-पर्यंत आणि मिली. तिने बोटं गारठेपर्यंत त्या टेबलावर मांडल्या आणि शेजारी ती सात वेळांची यादी ठेवली.

तीन पिशव्या सान्वीने केव्हाच पिऊन टाकल्या होत्या. चार सापडल्या. आठ तारखेची सही बारा वाजून त्रेपन्न मिनिटांची. पिशवी १२:४५ ते १:०५. सोळा तारखेची सही एक वाजून दोन. पिशवी १२:५० ते १:१५. तिसरी तशीच. चौथी कालची.

मीनल किचनच्या फरशीवर बसून रडली. वेड लागलं नव्हतं तिला. दूध खोटं बोलत नव्हतं. ज्या मिनिटाला कुणीतरी तिच्या नावाने मॉर्फिन पाठवत होतं, त्या मिनिटाला ती पोरीसाठी थेंब थेंब गोळा करत होती.

पण म्हणजे दुसरं कुणीतरी होतंच. तिचं आत जाणं-येणं ओळखणारं आणि सोळाशे अठ्ठेचाळीस माहीत असलेलं.

मिडवाइफने कुठे वेळ लिहिली होती का, ते बघायला तिने खणातून सान्वीचं लाल पुस्तक काढलं. बाळाच्या लसी, वजन, उंची सगळं त्यात असतं. वजन होतं, डोक्याचा घेर होता, वेळेची रेघ मात्र कोरीच होती. पुस्तक परत ठेवताना त्याच्याखालचं काहीतरी सरकलं. पिवळं जाड पाकीट, वर हळदीकुंकवाचं बोट.

पत्रिका.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने घडी उलगडली. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात: चि. सान्वी. जन्मस्थळ मेडनहेड. जन्मवेळ १६ वाजून ४८ मिनिटे.

आणि तिला कम्युनिटी हॉलमधलं बारसं आठवलं. काकू फोन कानाला लावून, दुसरा कान बोटाने बंद करून, पुण्याच्या गुरुजींशी बोलत होत्या. "मीनल, वेळ सांग गं. अंदाजे नको, मिनिटासकट. मिनिट चुकलं की लग्न चुकतं बाई पुढे जाऊन!" सगळे हसले होते. आणि मीनलने कडेवरच्या पोरीचं टोपडं सारखं करता करता, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. नंतर आठवडाभराने काकू ही पत्रिका घेऊन आल्या होत्या, सोबत डिंकाचे लाडू. ज्या हातांनी लाडू वळले त्या हातांनी?

बाहेर सान्वीने कुरकुर केली. मीनलने पत्रिका पाकिटात घातली. संशयाला आता चेहरा मिळाला होता आणि तो चेहरा बघवत नव्हता.

गुरुवारी पावणेएकला ती नेहमीसारखी पंपाची पिशवी घेऊन उठली. कार्ड खाचेतच ठेवलं. रिसेप्शनवरून जाताना म्हणाली, "काकू, वीस मिनिटं हं. कोणी आलं तर बसवा."

"जा गं जा. सावकाश कर. घाईत दूध उतरत नाही," काकू म्हणाल्या. आवाजात साय. मीनलच्या छातीत कळ आली, दुधाची की कसली कोण जाणे.

खोलीत जाऊन तिने पंप चालू केला आणि रिकामाच खुर्चीवर ठेवून दिला. घुर्र घुर्र. पातळ दारातून तो आवाज पार रिसेप्शनपर्यंत जायचा, जेमा एकदा म्हणालीही होती, "तुझी म्हैस सुरू झाली की मला कळतं, लंच झाला." तो आवाज चालू आहे तोवर मीनल आत आहे, ही सगळ्यांना खात्री. तिने बूट काढले, पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिली आणि नुसत्या मोज्यांवर कॉरिडॉरमध्ये आली.

तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने ढकललं.

तिच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डाव्या हातात कागदाची चिठ्ठी, उजव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर.

"अगं... झालं इतक्यात?" काकू म्हणाल्या.

पंप तिकडे घुरघुरतच होता. दोघींनीही तो ऐकला.

"काकू, उठा."

"एकच राहिलंय गं. मिस्टर बेट्सची पट्टी आहे, कधीची संपलीय बिचाऱ्याची. एवढं पाठवते आणि..."

"उठा म्हणते ना!"

इतक्या मोठ्याने ती काकूंशी कधी बोलली नव्हती. काकू उठल्या. मीनलने खाचेतून कार्ड उपसलं. स्क्रीनवरच्या खिडक्या एकेक करून मिटल्या.

"सात वेळा. आज आठवी. माझ्या नावावर, काकू! माझ्या पोरीच्या जन्माच्या वेळेवर! पत्रिका त्यासाठी केली होतीत?"

"नाही गं, देवाशपथ नाही!" काकू मटकन पेशंटच्या खुर्चीत बसल्या. "पत्रिका पत्रिकेसाठी केली. पिन मी सहज करून बघितला. आधी तारीख दाबली, नाही लागली. मग म्हटलं ही पोर काय ठेवेल... लागला. मला वाटलं देवच मदत करतोय."

"काका घेतात ना ते औषध? खरं सांगा."

काकूंनी मान वर केली. त्या इतक्या गोंधळल्या की मीनलला त्याच क्षणी कळलं, आपण चुकलो. "हे? औषध? अगं, डोकं दुखलं तर पॅरासिटॅमॉल घेत नाही तो माणूस."

"मग कशासाठी?"

काकूंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. फोटोतले काका दहा वर्षांनी तरुण.

"बंद पडलंय. तू परत आलीस ना, त्याच आठवड्यात. तीनदा पिन चुकला यांचा. आमच्या लग्नाची तारीख आहे गं तो पिन, आणि तीनदा चुकला." त्या कार्डावरून अंगठा फिरवत राहिल्या. "म्हटलं, होतं असं. परत चालू करायचं तर व्हिडिओवर ओळख पटवावी लागते. मी बसवलं यांना लॅपटॉपसमोर. पासपोर्ट धरला, मान इकडे केली, तिकडे केली, सगळं झालं. मग ती मुलगी म्हणाली, पत्ता सांगा. यांनी बेसिंगस्टोकचा सांगितला."

"तिथून येऊन तर..."

"एकोणीस वर्षं झाली. मी खालून हळूच सांगितलं, तरी परत तोच. ती मुलगी गोड होती. म्हणाली, आपण दुसऱ्या दिवशी बघू. मी कॉल कट केला आणि परत केलाच नाही."

सान्वीला दात आले का गं? लॉरा, दूध संपलंय बघ. मीनलला काल-परवाचं सगळं आठवलं आणि ते बाहुल्या मोजणारे आपले डोळे आठवून लाज वाटली.

"साधी औषधं कागदावर सही करून जातात," काकू सांगत होत्या. "पण मॉर्फिन कागदावर गेलं की वीर खात्रीसाठी यांनाच फोन करतो. आणि फोनवर हे... म्हणून हे चिठ्ठीवर लिहून देतात, मी तुझ्या कार्डावरून पाठवते. सप्टेंबरात रिटायर होतायत गं. तीन महिने फक्त. चाळीस वर्षांचं नाव आहे त्यांचं. तू घरची, म्हणून तुझं वापरलं. परकीचं वापरलं असतं का मी?"

"घरची म्हणून विचारायचं होतंत तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

मीनलने मंगळवारची चिठ्ठी मागितली. काकूंनी नीटनेटकेपणाने सगळ्या जपून ठेवल्या होत्या, क्लिप लावून. वरचीच होती. काकांचं तिरकं, देखणं अक्षर: प्रिचर्ड, मॉर्फिन, १००, दिवसातून दोनदा.

"ही अशीच पाठवलीत?"

"अक्षर न् अक्षर. मी माझ्या मनाचं काही घालत नाही हो. का गं?"

"दहा हवं होतं, काकू. दहा. वीरने अडवलं म्हणून, नाहीतर मिसेस प्रिचर्ड आज नसती."

काकूंचा हात हळूहळू तोंडापाशी गेला. सहा आठवडे त्यांनी नवऱ्याचं नाव वाचवलं होतं. या चिठ्ठीवर काय लिहिलंय हे त्यांना आत्ता, पहिल्यांदा वाचता आलं.

"काय चाललंय दोघींचं? आणि तो आवाज कसला?"

काका दारात उभे होते, हातात कप. मीनल गडबडली. काकू चटकन उठल्या, "काही नाही हो, तुम्ही चला, तुमचा..." आणि चिठ्ठी पदराआड करावी तशी पाठीमागे धरली. मीनलने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. जोर लावावा लागला नाही.

"काका, हे बघा."

काकांनी खिशातून चष्मा काढला. चिठ्ठी लांब धरली, जवळ आणली.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. मग एकदम, कसलेल्या डॉक्टरच्या आवाजात: "पण शंभर? मिसेस प्रिचर्डला? अगं, ती अडतीस किलोची बाई आहे. तिचा श्वास थांबेल. हे गेलं?"

"गेलं होतं. माझ्या कार्डावरून. वीरने अडवलं. शुक्रवारी त्याचा रिपोर्ट जातोय."

"चांगला मुलगा." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. शेजारी त्यांचं कार्ड होतं. ते उचलून पाहिलं. "हे इथे कसं? सुमेधा, हे बंद पडलंय? मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "पाच वेळा."

काका खाली बसले. कप हातातच होता. मीनलने तो घेतला. गंमत अशी की माणूस सगळं विसरला तरी आपण काय होतो ते इतक्यात विसरत नाही. काकांनी बायकोकडे पाहिलं, मग मीनलकडे आणि म्हणाले, "मीनल, फोन कर. आधी तुझं कार्ड बंद कर, मग माझं कायमचं. आणि शुक्रवारची वाट बघू नकोस. आपण सांगणं वेगळं आणि त्यांनी पकडणं वेगळं."

"अहो, पण सप्टेंबर..."

"सुमेधा. अडतीस किलो."

मीनलने कार्डांच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईने तिची जन्मतारीख विचारली, रजिस्ट्रेशन नंबर, पत्त्याची पहिली ओळ. मीनलने सगळं सांगितलं आणि म्हणाली की माझं कार्ड दुसऱ्या व्यक्तीने आठ वेळा वापरलं, आणि ते मी खाचेत सोडून गेले म्हणून वापरता आलं.

"तुझं कशाला सांगतेस? माझं नाव घे," काकू कुजबुजल्या.

"तुमचंही घेणार आहे, काकू."

त्या बाईने सगळं टिपून घेतलं. आता चौकशी होईल, पत्र येईल, तुमचं म्हणणं मांडता येईल. पुढे काय, ते ती सांगू शकत नव्हती. पण सोळाशे अठ्ठेचाळीस आता नुसती सान्वीच्या जन्माची वेळ उरली होती आणि एवढं तरी तिचं तिला परत मिळालं होतं.

"आणखी एक कार्ड कायमचं बंद करायचंय," ती म्हणाली. "डॉक्टर इथेच आहेत."

"डॉक्टरांनी स्वतः सांगावं लागेल," बाई म्हणाली. काका फोनकडे झुकले. त्यांनी नाव सांगितलं, स्वच्छ, ठणठणीत इंग्रजीत. जन्मतारीख सांगितली. बरोबर होती.

"थँक यू, डॉक्टर. आणि आता घरच्या पत्त्याची पहिली ओळ."

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. मग नजर, सवयीने, काकूंकडे गेली. काकूंचे ओठ हलले, पहिला आकडा ओठांवर आलाही आणि त्यांनी आपला तळवा तोंडावर घट्ट दाबून धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात काढला नाही.

भिंतीपलीकडे पंप रिकामाच ओढत होता.

"आय डोन्ट रिमेंबर," काका म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. मग मराठीत, बायकोला: "नाही आठवत गं."

"टेक युअर टाइम, डॉक्टर," फोनमधली बाई म्हणाली. "आय कॅन वेट."